पिकते तिथे विकत नाही : मराठवाड्याच्या तरुणाईचा हिशेब

तरुण ही देशाची शक्ती आहे, हे वाक्य इतक्या व्यासपीठांवरून बोलले गेले आहे की त्याचा अर्थ तपासण्याची गरज आता कोणाला वाटत नाही. लोकसंख्याशास्त्रात मात्र त्याला नेमका आधार आहे. जन्मदर घटू लागला की पुढची काही दशके अशी येतात, जेव्हा कमावत्या वयाची माणसे जास्त आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली मुले व वृद्ध कमी असतात. घरात शिल्लक पडू लागते, ती शिक्षणात आणि धंद्यात गुंतते, आणि अर्थव्यवस्था वेग घेते. याला लोकसंख्येचा लाभांश म्हणतात. दक्षिण कोरिया आणि तैवान यांनी १९६० नंतरच्या तीसेक वर्षांत तो भरभरून घेतला. पुढे साधारण तशीच तरुण लोकसंख्या ट्युनिशिया आणि इजिप्तच्याही वाट्याला आली. तिथे पदवीधरांना काम मिळाले नाही आणि २०११ च्या सुरुवातीला दोन्हीकडच्या राजवटी रस्त्यावरच्या तरुणांनी उलथवल्या. कोरियातली मुले वयात येत होती तेव्हाच तिथे कापडाचे, पोलादाचे, जहाजबांधणीचे कारखाने उभे राहत होते. ट्युनिशियात तसे झाले नाही. फरक तरुणांच्या स्वभावात नव्हता. महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत ठळकपणे दिसतो तो मराठवाड्यात. आठ जिल्हे आणि २०११ च्या जनगणनेनुसार पावणेदोन कोटींहून अधिक माणसे असलेल्या या प्रदेशात उमेदीचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा आहे तो त्या उमेदीला घराजवळ गिऱ्हाईक मिळण्याचा. तरुण घडवायचे आणि बाहेर पाठवायचे, हेच इथले न लिहिलेले धोरण होऊन बसले आहे.

उमेदीचा तुटवडा नव्हता, हे म्हणायला इतिहासाचा पुरावा आहे. निजामाच्या राज्यात १९३८ साली औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) इंटरमिजिएट कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याचा हक्क मागितला. ते लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचले, शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतल्या अनेकांनी नागपूर विद्यापीठात जाऊन शिक्षण पुरे केले. मुक्तिसंग्रामाची एक पिढी त्यातून घडली. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद. शतकानुशतके शाळेबाहेर ठेवलेल्या समाजातली मुले तिथे शिकली, आणि त्यांनी साहित्य व राजकारण दोन्ही हलवून सोडले. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली मिळाले, तेही आंदोलनानंतर. १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन तर विद्यार्थ्यांनीच पेटवले. वसमतच्या गोळीबारात विद्यार्थ्यांचे बळी गेले. आंदोलकांच्या मागण्या आज वाचल्या तर त्यांत भावनिक असे फारसे काही सापडत नाही: मीटरगेज रेल्वे रुंद करा, सिंचन वाढवा, स्थानिकांना नोकऱ्या द्या, उद्योग आणा. विशी-बाविशीतल्या मुलांनी मांडलेला हा विकासाचा आराखडा तेव्हाच्या अनेक सरकारी कागदांपेक्षा नेमका होता. अंमलबजावणीची गती मात्र अशी, की मनमाड ते औरंगाबाद ब्रॉडगेज व्हायला १९९० चे दशक उजाडावे लागले आणि बीड शहरात पहिली रेल्वे पोहोचली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. मागणी करणारी मुले तोवर सत्तरीला आली होती.

ही ऊर्जा नेहमीच शहाणी असते, असे मात्र समजू नये. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव १९७८ च्या जुलैत विधिमंडळात झाला आणि त्यानंतर दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांतही तरुणांचे हात होते. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. सोळा वर्षे एका प्रदेशाची तरुणाई दोन तटांत विभागली गेली. हाताला काम नसलेल्या तरुणाला शेजारी हा शत्रू वाटायला वेळ लागत नाही. म्हणूनच 'तरुणांमध्ये शक्ती आहे' एवढ्यावर थांबणारे भाषण अपुरे असते. शक्ती कशाला जुंपली जाते, यावर सगळे ठरते.

आज ती जुंपली जाते तीन वाटांना, आणि तिन्ही वाटा प्रदेशाबाहेर जातात. पहिली वाट लातूरची. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी नियोजनबद्ध अभ्यास, सतत चाचण्या आणि शिक्षकांची झाडून हजेरी यांतून जी शिस्त बसवली, ती 'लातूर पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजली. मुंबई-पुण्याच्या मक्तेदारीला खेड्यातल्या मुलांनी दिलेले ते उत्तर होते आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. त्याभोवती शिकवण्या, वसतिगृहे, खाणावळी, पुस्तकांची दुकाने अशी एक अख्खी अर्थव्यवस्था उभी राहिली. १९९३ च्या किल्लारी भूकंपाने हादरलेल्या जिल्ह्याला तिने आधार दिला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणायची वेळ आली, तेव्हाही चिंता फक्त रहिवाशांची नव्हती. बाहेरगावच्या हजारो विद्यार्थ्यांचीही होती. पण या कारखान्यातून बाहेर पडणारे डॉक्टर आणि अभियंते बहुतेक परत येत नाहीत. मराठवाड्यातल्या आई-बापांचा पैसा, मराठवाड्यातल्या शिक्षकांची मेहनत, आणि फळ पुणे, मुंबई, बंगळूर किंवा त्याही पलीकडे. डॉक्टर होऊन गेलेल्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या गावी ना तोडीचे रुग्णालय, ना जोडीदाराला नोकरी, ना लेकरांना शाळा. मग त्याने का परत यावे?

दुसरी वाट शिकलेल्यांची नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, धाराशिव इथून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत सुटका नसते. इथे मजुरीचे एकक एकटा माणूस नसून नवरा-बायकोची जोडी असते. तिला 'कोयता' म्हणतात. या एका शब्दात प्रदेशाची सामाजिक रचना दडली आहे. एकट्या पोराला उचल कमी मिळते, म्हणून त्याचे लवकर लग्न लावायचे. वयात आलेली मुलगी मागे गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तिचेही लवकर उरकायचे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयोगटातल्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होते. परभणीत ते ४८ टक्के आणि बीडमध्ये ४४ टक्क्यांच्या आसपास. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये चौकशी झाली, तेव्हा पाहणीतल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ती शस्त्रक्रिया झालेली निघाली. पाळी आणि गरोदरपण म्हणजे कामाला खाडा, आणि खाडा म्हणजे मुकादमाचा दंड. 'तरुणाई' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे लॅपटॉप घेतलेला मुलगा येतो. विशीत दोन लेकरांची आई झालेली, डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकवर चढणारी मुलगीही तितकीच तरुण आहे, आणि विकासाच्या कुठल्याही आराखड्यात तिचे खाते उघडलेले नाही.

तिसरी वाट स्पर्धा परीक्षांची, पुण्याच्या सदाशिव पेठेची. अभ्यासिकेतली खुर्ची, मेसचा डबा, खोलीत चौघे, आणि घरून महिन्याला येणारे पैसे. राज्यातल्या सगळ्याच भागांतून मुले इथे येतात. पण जिथे शेती तोट्याची आणि कारखाने दूर, तिथल्यांना दुसरा पर्याय कमी असतो. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजार ४७१ पदांसाठी अर्ज होते पावणेअठरा लाखांच्या घरात, म्हणजे एका जागेमागे शंभर. नव्याण्णव जणांची तयारीची वर्षे कोणत्याच हिशेबात धरली जात नाहीत. सरकारी नोकरीसाठी पाठ केलेले राज्यघटनेचे कलम किंवा चालू घडामोडी दुसऱ्या कामात उपयोगी पडत नाहीत. सुताराकडे किंवा लेथवर घालवलेले वर्ष निदान हातात काहीतरी ठेवून जाते. मराठा आरक्षणाच्या मागणीचे केंद्र २०२३ पासून जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत असणे, हाही योगायोग नव्हे. ती मागणी रास्त की नाही, हा या लेखाचा विषय नाही. एवढे मात्र दिसते, की १९७४ च्या मुलांनी रेल्वे, पाणी आणि कारखाने मागितले होते. पन्नास वर्षांनंतरची मुले आक्रसत चाललेल्या सरकारी पदांतला वाटा मागत आहेत. मागणीचा आवाका लहान झाला, कारण मोठ्या मागणीवरचा विश्वास उडाला.

आता ज्या ठिकाणी गणित जुळले, ती ठिकाणे पाहू. औरंगाबादजवळ वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना आला. मोठा कारखाना स्वतः मर्यादित माणसे घेतो. खरा फरक पडतो त्याला सुटे भाग पुरवणाऱ्यांमुळे. ॲल्युमिनियमचे ओतकाम, प्लास्टिकचे साचे, शीटमेटल, रंगकाम अशा शेकडो लहान-मध्यम शेडची साखळी वाळूज, चिकलठाणा आणि रेल्वे स्टेशन परिसरात पसरली. एन्ड्युरन्स ही आज देशातल्या मोठ्या वाहनसुटेभाग कंपन्यांपैकी एक; ती सुरू करणारे अनुरंग जैन १९८५ मध्ये तेवीस-चोवीस वर्षांचे होते. त्यांच्यामागे बजाज घराण्याचे नाते होते हे खरे, आणि तसे नाते गंगापूर-वैजापूरच्या पोरांना नव्हते. तरीही त्या साखळीत आयटीआय झालेला फिटर, टर्नर, टूल-अँड-डाय मेकर यांना काम मिळाले. काही वर्षे नोकरी करून त्यांतल्या कित्येकांनी स्वतःची एक-दोन यंत्रांची शेड टाकली. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून शहरात होते, पण त्याच्या पदवीधरांना शहरातच थांबण्याचे कारण पहिल्यांदा या साखळीने दिले. आधी शिक्षण आणि मग आपोआप उद्योग, असा क्रम इथे दिसत नाही. दोन्ही एकाच वेळी हाताशी असल्यावरच माणूस टिकला.

जालन्याचे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ते बाहेरून आलेल्या मोठ्या कंपनीवर उभे नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली तेव्हा ते पस्तिशीच्या आतले होते. संकरित बियाणे तयार करणे हे अतिशय वेळखाऊ हातकाम आहे: कापसाच्या फुलाची कळी योग्य दिवशी उघडून पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वाणाचे पराग लावायचे. हे यंत्राने होत नाही. बीजोत्पादनाच्या करारांमुळे कोरडवाहू शेतकऱ्याला साध्या पिकापेक्षा चांगला भाव मिळाला आणि शहरात प्रक्रिया, प्रतवारी, प्रयोगशाळा, वितरण असे धंदे वाढले. पुढे त्याच शहरात आणखी बियाणे कंपन्या आल्या. बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे अनेकांना ठाऊक असते. एका मागास जिल्ह्याच्या गावाला शेतीवर आधारलेला शास्त्रीय उद्योग झेपतो, हे त्यांनी दाखवले, ते मात्र पुरेसे बोलले जात नाही. जालना तालुक्यातलेच कडवंची हे गाव पाणलोटाच्या कामानंतर द्राक्षांकडे वळले आणि शेततळ्यांसाठी प्रसिद्ध झाले. तिथले तरुण शेतीत टिकले, कारण त्या शेतीत छाटणी, फवारणी, बाजारपेठ, निर्यातीचे निकष असे शिकण्यासारखे आणि कमावण्यासारखे काही होते. अर्थात अभ्यासकांनी एक रास्त आक्षेपही घेतला आहे. अस्तर घातलेली शेततळी बऱ्याचदा भूजल उपसून भरली जातात. त्यामुळे ज्याच्याकडे भांडवल, त्याच्याकडे पाणी, अशी स्थिती येते. एका गावाचे यश शंभर गावांनी जसेच्या तसे उचलले, तर जमिनीखालचे पाणी संपेल.

स्थलांतरात वाईट काय, असा प्रश्न इथे विचारला जाईल. माणूस जिथे चार पैसे जास्त मिळतात तिथे जातो, घरी पैसे पाठवतो, त्यावर गाव सुधारते. एका कुटुंबापुरते हे पूर्ण खरे आहे आणि कोणालाही गावात डांबून ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. प्रदेशापुरते मात्र महाराष्ट्राने हा प्रयोग आधीच करून पाहिला आहे. कोकणाने मुंबईच्या गिरणगावात शंभर वर्षे माणसे पाठवली आणि मनीऑर्डरी घेतल्या. त्या पैशातून घरावर कौले चढली, गणपती थाटात झाले, मुले शिकली आणि तीही मुंबईला गेली. रत्नागिरी-सिंधुदुर्गात त्या पैशाने उद्योग उभे राहिले नाहीत, कारण उद्योग काढू शकणारा वयोगटच तिथे नव्हता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या तेव्हा धक्का गिरणगावाइतकाच कोकणातल्या वाड्यांनाही बसला. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ मध्येही हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष कुठे होते, ते सांगायला नको. पाठवलेला पैसा घर चालवतो. प्रदेश चालवायला माणूस लागतो.

दुसरा आक्षेप अधिक ऐकू येतो आणि तो बहुधा पन्नाशीच्या पुढची माणसे घेतात: आजच्या पोरांना शेती नको, कष्ट नको, कौशल्य नाही, फक्त मोबाइल हवा. शेतीचे घ्या. राज्यातले सरासरी धारण क्षेत्र २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टर होते. सव्वातीन एकर कोरडवाहू जमीन, सोयाबीनचा हमीभाव हाती पडेल याची खात्री नाही, आणि पाऊस दर दोन-तीन वर्षांनी दगा देणार. या हिशेबात शेती नाकारणारा मुलगा आळशी नसून गणितात पास झालेला आहे. कौशल्याबद्दल बोलायचे तर २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय-पदविकाधारकाला आठ, पदवीधराला दहा हजार विद्यावेतन, सहा महिने. कल्पना वाईट नव्हती. पण हजारो प्रशिक्षणार्थी सरकारी कार्यालये आणि शाळांमध्ये लागले. तिथे रिकामी होणारी जागा त्यांना मिळणार नव्हती. मुदत वाढवली गेली, आणि मुदतीनंतर हीच मुले कायम करा म्हणून आंदोलनाला बसली. प्रशिक्षणाच्या टोकाला काम नसेल, तर ते आणखी एका रांगेचे तिकीट ठरते.

पाण्याचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मराठवाडा पर्जन्यछायेत, गोदावरीच्या वरच्या धरणांशी भांडण कायमचे, मग उद्योग जगणार कशावर? २०१६ च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात केली होती, हे विसरता येत नाही. पण त्याच प्रदेशात बारा-बारा, अठरा-अठरा महिने शेतात उभा राहणारा ऊस आणि त्यावर चालणारे साखर कारखाने वाढतच गेले. यंत्राचे सुटे भाग, बियाणे, डाळ आणि सोयाबीन प्रक्रिया यांना लागणारे पाणी उसाच्या मानाने नगण्य आणि रोजगार वर्षभराचा. पाणी कमी आहे, म्हणूनच कमी पाण्यात जास्त हातांना काम देणारे धंदे निवडले पाहिजेत. ऊस ही निसर्गाची सक्ती नव्हती. तो राजकीय निर्णय होता आणि राजकीय निर्णय बदलता येतो.

आज पुन्हा एक संधी दारात आहे. समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण झाला. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत टोयोटा किर्लोस्कर, एथर अशा कंपन्यांचे विजेवर किंवा संकरित इंधनावर चालणाऱ्या वाहनांचे प्रकल्प जाहीर झाले आहेत. धोका असा की हे कारखाने १९८५ च्या कारखान्यांपेक्षा कितीतरी जास्त यंत्रमानवांवर चालतील आणि मोठ्या गुंतवणुकीमागे माणसे थोडी लागतील. शासनाच्या सवलती घेणाऱ्या उद्योगांत ८० टक्के स्थानिक असावेत असा नियम आहे खरा. पण त्यात 'स्थानिक' म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहिलेला. पिंपरीहून बदलून आलेला कामगारही त्यात बसतो, आणि पैठणच्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही. जिल्हावार आरक्षण मागणे हा त्यावरचा उपाय नाही. त्याने कंपन्या बिचकतील आणि कागदी पत्ते वाढतील. हातात आधीच असलेले साधन वेगळे आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा, आणि त्याच्या सध्याच्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. पैठण, गंगापूर, बदनापूर, अंबड इथल्या आयटीआयचे अभ्यासक्रम या कारखान्यांच्या पुरवठादारांबरोबर बसून ठरवले आणि पंधरा टक्क्यांची वरची मर्यादा गाठली, तर नवा कायदाही लागणार नाही. मुलींसाठी वसतिगृह आणि कारखान्यापर्यंत बस एवढे जोडले, तर कोयत्याच्या वाटेवरच्या कितीतरी मुलींची लग्ने काही वर्षे पुढे जातील.

वेळ फार नाही. महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीतच १.७ वर आला होता. लोकसंख्या स्थिर राहायला तो २.१ लागतो. म्हणजे आजच्याएवढे तरुण या राज्याला पुन्हा मिळणार नाहीत, आणि पुढच्या काही दशकांत हेच तरुण म्हातारे होऊ लागतील. विभागवार समतोलावर लक्ष ठेवणाऱ्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा एवढ्या मोठ्या प्रदेशातून फारसा आवाजही उठला नाही. तेव्हा पुढच्या वेळी एखादा मंत्री संभाजीनगरात येऊन हजारो कोटींच्या सामंजस्य कराराचा आकडा वाचू लागला, तर त्याला एवढेच विचारा: पहिल्या वर्षी किती शिकाऊ उमेदवार घेणार, कोणत्या तालुक्यांतून घेणार, आणि त्यांत मुली किती असतील?